वखारीपासून वीजबिलापर्यंत

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या भुसावळकरांच्या नजरेला सरावाच्या झाल्या आहेत. बाहेरगावचा पाहुणा मात्र त्या पाहून हमखास विचारतो, "वीज तुमच्या दाराशी तयार होते, मग तुम्हाला ती स्वस्त मिळत असेल, नाही?" यजमान हसतो आणि महिन्याचे बिल त्याच्यापुढे ठेवतो. महावितरणच्या कोल्हापूरच्या किंवा गडचिरोलीच्या घरगुती ग्राहकाला जो दर, तोच भुसावळच्या ग्राहकाला. मग पाहुणा दुसरा प्रश्न विचारतो. भाजी महाग वाटली तर आपण पुढच्या गाडीवर जातो, किराणा परवडेनासा झाला तर दुकान बदलतो. मग विजेचे दुकान का बदलता येत नाही?

दोन्ही प्रश्न साधे आहेत, पण त्यांचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यांच्यामागे घरगुती इंधनाचा शे-दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. तो बखरींत सापडत नाही. तो चुलीजवळ, वखारीत आणि रेशनच्या रांगेत सापडतो. आज तोच थोडक्यात सांगायचा आहे.

वखारीतला हिशेब

वीज आणि गॅस येण्यापूर्वी घराचे इंधन म्हणजे सरपण. खेड्यातल्या माणसाला ते शेतातून मिळे. खानदेश हा कपाशीचा मुलूख. वेचणी संपली की उरलेल्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि शेणाच्या गोवऱ्या यांवर वर्षाची चूल चाले. आपल्याकडचे वांग्याचे भरीत आजही काड्यांच्या जाळावर भाजले तरच खरे मानतात. त्याचे मूळ या सोयीतच असावे. केळीचा मात्र या कामी उपयोग नाही. तिच्या खांबात पाणीच इतके की तो चुलीत घातला तर नुसता धुमसत राहतो. त्यामुळे केळीच्या बागा वाढल्या म्हणून जळण वाढले, असे काही झाले नाही.

शहरात आलेल्या माणसाजवळ शेत नव्हते. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे खानदेशात आली आणि तापीकाठच्या भुसावळचे जंक्शन झाले. इथून एक मार्ग नागपूरकडे गेला, दुसरा खांडव्यावरून जबलपूरकडे. १८६७ मध्ये नागपूर आणि १८७० मध्ये जबलपूर जोडले गेले. फायरमन, फिटर, गार्ड, पॉइंट्समन अशी पगारावर जगणारी वस्ती इथे उभी राहिली. पगारावर जगणाऱ्याला जळण विकत घ्यावे लागते, आणि विकत घेणारा भाव करतो. घरगुती इंधनाची बाजारपेठ खऱ्या अर्थाने अशा वस्त्यांतून वाढली.

लाकडाच्या वखारीत भाव मणावर असे. पण मणाचा भाव म्हणजे उष्णतेचा भाव नव्हे, हे जाणत्या गृहिणीला पक्के ठाऊक होते. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ते पाणी आपण लाकडाच्या भावाने विकत घेतो आणि त्याची वाफ करायला पुन्हा लाकूडच जाळतो. म्हणून एका वखारीतले स्वस्त ओले लाकूड महिनाअखेर महाग पडे, आणि दुसऱ्या वखारीतली चढ्या भावाची वाळलेली बाभूळ स्वस्तात जाई. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून आवाज खणखणीत येतो का, हे पाहणे ही त्या काळची भावाची तुलना होती. कागदावरचा दर आणि प्रत्यक्ष पडणारा खर्च वेगळे असतात, हा धडा आपल्या आज्या-पणज्यांनी वखारीतच गिरवला.

इंजिनाच्या राखेतून

भुसावळसारख्या रेल्वेगावात जळणाचा आणखी एक मार्ग होता. कोळशाचे इंजिन शेडमध्ये आले की त्याच्या भट्टीतली राख खाली पाडत. त्या राखेत अर्धवट जळालेले कोळशाचे तुकडे असत. वाफेच्या इंजिनांच्या काळात देशभरातल्या रेल्वेगावांत गरीब घरांतल्या बायका आणि मुले हे तुकडे वेचून आपल्या शेगडीसाठी नेत, नाहीतर टोपलीच्या हिशेबाने विकत. वखारीतल्या कोळशापेक्षा हा माल कितीतरी स्वस्त.

पण तो स्वस्त का होता? वेचणाऱ्याच्या श्रमाला किंमत धरलेली नव्हती म्हणून. भाजलेली बोटे, डोळ्यांत जाणारी राख, रुळांवरचा धोका आणि पहारेकऱ्याचा दंडुका यांतले काहीच टोपलीच्या भावात आलेले नव्हते. चुलीच्या धुराचेही तेच. फुकटच्या काटक्यांसाठी केलेली पायपीट आणि वर्षानुवर्षे फुंकणीने जाळ फुंकताना छातीत गेलेला धूर कोणी जमाखर्चात मांडला नाही. घराचा खर्च वाचला खरा, पण तो घरातल्याच बाईच्या अंगावरून वसूल झाला.

इंधन स्वस्त मिळते तेव्हा उरलेली किंमत कोणीतरी भरत असते. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढे जाऊ, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तीच वेगळ्या वेषात भेटते.

निळे रॉकेल

त्यानंतर रॉकेलचा जमाना आला. आधी ते कंदील आणि चिमणीसाठी होते, नंतर स्टोव्हसाठी. पंप मारून पेटवायचा प्रायमस स्टोव्ह १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये तयार झाला आणि पुढे जगभर पसरला. आपल्याकडे त्याच्या फरफर आवाजाशिवाय सकाळ होत नसे. वातीचा स्टोव्ह आवाज करीत नसे, पण भांडी काळी करी. कोणता स्टोव्ह कमी तेल पितो, यावर शेजारणींच्या चर्चा रंगत. विक्रेता बदलता येत नसेल तर उपकरण बदलून बचत करायची, ही वाट तेव्हाच सापडली होती.

रॉकेलचा दर सरकारने रेशनकार्डावर बांधून दिला. गरिबाच्या घरात दिवा लागावा, हा हेतू चांगलाच होता. पण एकच द्रव दोन भावांना मिळू लागला की त्याला पाय फुटतात. स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळले तर भरघोस नफा मिळतो. ही भेसळ ओळखता यावी म्हणून रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला गेला. तरी चोरी थांबली नाही. भुसावळहून मुंबईकडे जाताना मनमाड लागते. त्याच्याजवळ पानेवाडी येथे तेलकंपन्यांचे डेपो आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी तिथे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलभेसळीच्या संशयावरून तपासणी करीत असताना जिवंत जाळण्यात आले. सारा महाराष्ट्र हादरला. रेशनच्या रॉकेलचा भाव आणि बाजारातला भाव यांच्या मधल्या फटीत एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याचा बळी गेला.

पुढे २०१६ पासून रॉकेलचा दर टप्प्याटप्प्याने थोडा थोडा वाढवत अनुदान संपवत आणले गेले. ते पचले, कारण तोवर बहुतेक घरांत दुसरे इंधन आले होते.

सिलिंडरची निवड

गॅसच्या शेगडीने स्वयंपाकघराचे रूप पालटले. त्यासाठी एके काळी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. कनेक्शन मिळणे हीच मोठी गोष्ट, तिथे कंपनी निवडण्याचा प्रश्नच नव्हता. २०१२ मध्ये अनुदानित सिलिंडरची संख्या वर्षाला सहा केली, तेव्हा घराघरांत आकडेमोड सुरू झाली. ती मर्यादा २०१३ मध्ये नऊ आणि २०१४ मध्ये बारा झाली. २०१५ पासून अनुदान थेट बँक खात्यात जमा होऊ लागले. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि पुष्कळ गरीब घरांत पहिला सिलिंडर पोहोचला. तरी दुसरा सिलिंडर भरून आणायला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न अनेक घरांत उरलाच, आणि चूल पूर्णपणे विझली नाही.

मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते, तशी सोय २०१४ च्या सुमारास गॅसलाही मिळाली. वितरक बदला, वाटल्यास कंपनीही बदला. पण तीन सरकारी कंपन्यांचा घरगुती सिलिंडरचा भाव एका गावात जवळपास एकच असतो. त्यामुळे ही निवड भावाची नसून सेवेची आहे. सिलिंडर वेळेवर येतो का, वजन नीट भरते का, इतकेच तिच्यात निवडता येते. हे काही कमी नाही, पण याने बिल उतरत नाही. निवड असणे आणि स्वस्ताई असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक दुकान, एक दर

आता विजेकडे वळू. एकाच भागात दोन वीजकंपन्या असू शकतात, ही कल्पना नवी नाही. १९१० च्या भारतीय विद्युत कायद्यातच अशी तरतूद होती की एकाला परवाना दिला म्हणून त्याच भागात दुसऱ्याला देण्यास आडकाठी नाही. पण एकाच गल्लीत दोघांनी खांब रोवायचे आणि दोघांनी तारा ओढायच्या, म्हणजे दुप्पट खर्च. तो अखेर ग्राहकाकडूनच वसूल होणार. म्हणून प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी एका गावाला एकच वीजपुरवठादार राहिला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने राज्योराज्यी वीज मंडळे आली. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. दीपनगरचा पहिला संच १९६८ मध्ये सुरू झाला. त्याच सुमारास मुंबईकडून येणारे रेल्वेचे विद्युतीकरणही भुसावळपर्यंत पोहोचत होते. पूर्वी इंजिनाच्या भट्टीत जळणारा कोळसा आता वीज केंद्राच्या बॉयलरमध्ये जळू लागला. १९७९ आणि १९८२ मध्ये २१० मेगावॉटचे दोन संच आले, आणि २०१२ ते २०१४ या काळात ५०० मेगावॉटचे आणखी दोन.

ही वीज भुसावळची असते का? नाही. ती राज्याच्या जाळ्यात जाते. एखाद्या विहिरीचे पाणी धरणात सोडावे, तसे हे आहे. मग कोणत्या नळाला कोणत्या विहिरीचे पाणी आले, हे सांगता येत नाही. दर ठरतो तो साऱ्या राज्याच्या खर्चावर. १९९९ पासून हे काम महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे आहे. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा तीन वेगळ्या कंपन्या झाल्या. राख आणि धूर दीपनगरच्या आसपास राहतात आणि वीज राज्यभर जाते, ही इथल्या माणसाची तक्रार खोटी नाही.

पण एकसमान दराला दुसरी बाजूही आहे. राज्यातले कारखाने आणि मोठे ग्राहक खर्चापेक्षा जास्त दर देतात. त्यातून, आणि सरकारी अनुदानातून, शेतीपंपाचा आणि लहान घराचा दर खाली राहतो. रावेर-यावलच्या केळीच्या बागांना पाणी पाजणारे पंप याच व्यवस्थेवर चालतात. उद्या मोठ्या ग्राहकाने स्वस्त दुकान गाठले, तर त्याचा वाटा कोण उचलणार? हा प्रश्न मुंबईत खरोखरच उभा राहिला होता.

मुंबईने काय पाहिले

मुंबईच्या उपनगरांत वीज देणारी कंपनी जुनी, १९२९ पासूनची. ती २००३ च्या सुमारास रिलायन्सकडे गेली. टाटांची जलविद्युत तर १९१५ पासून मुंबईला येत होती. टाटांना किरकोळ ग्राहकांना वीज विकता येईल का, यावर दोन्ही कंपन्यांत वाद झाला. ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटांच्या बाजूने निकाल दिला. मग १५ ऑक्टोबर २००९ रोजी वीज नियामक आयोगाने मार्ग मोकळा केला. तारा रिलायन्सच्याच राहतील, त्यांच्या वापरासाठी 'वहन आकार' भरायचा, आणि वीज मात्र टाटांची घ्यायची. घरातली एक तारही न हलवता विजेचे दुकान बदलण्याची सोय झाली. त्या वेळी टाटांचा दर कमी होता. मोठ्या संख्येने ग्राहक तिकडे गेले.

पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. जास्त वीज वापरणारे, म्हणजे चढा दर भरणारे ग्राहक गेले की मागे राहिलेल्या लहान ग्राहकांवर बोजा वाढतो. म्हणून २०११ मध्ये आयोगाने दुकान बदलणाऱ्यांवर अधिभार लावला आणि मागच्या थकलेल्या वसुलीतला वाटाही त्यांच्याकडून घ्यायचे ठरवले. २०१२ मध्ये तर आयोगाने काही काळासाठी असे बंधन घातले की महिना ३०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकांनाच टाटांनी नव्याने घ्यावे. दुकानदाराने चांगली गिऱ्हाइके तेवढी निवडून घ्यायची, हे चालणार नाही, असा त्याचा अर्थ. हे आदेशही पुढे वादात सापडले. दर बदलत गेले तसे काही ग्राहक परतही आले. २०१८ मध्ये उपनगरांचा वीजव्यवसाय अदाणींकडे गेला.

मुंबईच्या ग्राहकाला निवड मिळाली, काही वर्षे काहींचे बिल उतरले, हे खरे. पण बिलातला मोठा भाग तारांचा, करांचा आणि अधिभाराचा असतो, तो दुकान बदलून जात नाही. आणि जो फरक दिसतो, तो कायम राहीलच असे नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रयोग याहून मोठ्या प्रमाणावर झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे प्रत्येक घराला वीज आणि गॅसची कंपनी निवडण्याची मुभा मिळाली. दरांची तुलना करून दरवर्षी कंपनी बदलणे ही तिथल्या काटकसरी गृहस्थाची सवय झाली. जे बदलत नसत, त्यांच्याकडून मात्र जास्त दर घेतला जाई, आणि त्यांत वृद्ध व गरीब पुष्कळ. म्हणून २०१९ पासून सरकारला दरावर कमाल मर्यादा घालावी लागली. २०२१ मध्ये वायूचे घाऊक भाव भडकले आणि पंचवीसहून अधिक कंपन्या बुडाल्या. त्यांचे ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवण्याचा खर्च देशातल्या सगळ्यांच्या बिलांवर पडला. इथेही स्वस्ताईची उरलेली किंमत अखेर भरावी लागली, आणि ती ज्यांनी स्वस्त वीज घेतलीच नव्हती त्यांनीही भरली.

जळगावचा प्रयोग आणि आकडा

आपल्या जिल्ह्यातही एक प्रयोग झाला. २०११ मध्ये जळगाव शहर आणि परिसराच्या वीजवितरणाचे काम महावितरणने क्रॉम्प्टन ग्रीव्हज या कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून दिले. भिवंडीत २००७ पासून टोरंट कंपनी असेच काम करीत होती. जळगावचा करार २०१५ मध्ये संपुष्टात आला आणि काम पुन्हा महावितरणकडे आले. अनेकांना तेव्हा वाटले होते की खासगी कंपनी आली, आता निवड आली. तसे नव्हते. बिल देणारा बदलला, दर आयोगाचाच राहिला, आणि ग्राहकापुढे दुकान एकच होते.

याच काळाच्या आगेमागे भारनियमनाने साऱ्यांना छळले. दीपनगरच्या शेजारी राहून मेणबत्ती शोधावी लागे. दिव्याखाली अंधार ही म्हण खानदेशाने शब्दशः भोगली. भारनियमनाचे तास वीजहानी आणि वसुलीच्या प्रमाणावर ठरत. ज्या भागात वीजचोरी जास्त आणि वसुली कमी, तिथे अंधार जास्त. तारेवर आकडा टाकणारा सर्वांत स्वस्त वीज घेत होता, आणि त्याच भागात नियमाने बिल भरणारा शेजारी घामाघूम होऊन बसला होता. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेलेला असताना कूलर बंद पडणे म्हणजे काय, हे भुसावळकराला वेगळे सांगायला नको. आकड्याची स्वस्ताई त्या शेजाऱ्याने भरली.

पुण्यात २००६ मध्ये उलट वाट चोखाळली गेली. उद्योगांनी आपल्या जनित्रांवर वीज तयार करायची, त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी अधिभार म्हणून द्यायचा, आणि शहर भारनियमनमुक्त ठेवायचे. स्वस्त विजेपेक्षा खात्रीची वीज मोलाची वाटावी, असे ते दिवस होते.

आपल्या वतीने खरेदी

भुसावळच्या घरगुती ग्राहकाला आज विजेचे दुकान बदलता येत नाही. २००३ च्या विद्युत कायद्यात बाहेरून वीज आणण्याची वाट ठेवली आहे, पण ती मोठ्या ग्राहकांसाठी खुली झाली. वितरणात स्पर्धा आणू पाहणारे दुरुस्ती विधेयक २०२२ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण ते मंजूर झाले नाही. ठाणे-नवी मुंबई भागात समांतर परवान्याची मागणी झाली, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये तिन्ही सरकारी वीजकंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. चांगली वसुली असलेली शहरे खासगी कंपन्यांकडे जातील आणि खेडी सरकारकडे उरतील, ही त्यांची भीती. त्यांच्याशी सहमत व्हावे की न व्हावे हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण मुंबईचा अनुभव पाहता ही भीती निराधार म्हणता येत नाही.

मग स्वस्त वीज शोधण्याचे काम कोणी करीतच नाही का? करते. आपल्या वतीने महावितरण वीज खरेदी करते. आपल्या बिलाचा सर्वांत मोठा भाग याच खरेदीचा असतो. ही खरेदी कशी होते, यावर आपले बिल ठरते. १९९३ मध्ये वीज मंडळाने दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाशी स्पर्धात्मक निविदा न मागवता करार केला. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि ती इतकी महाग पडली की मे २००१ मध्ये मंडळाने ती घेणेच थांबवले. चार दुकाने न फिरता केलेल्या खरेदीचे हे महाराष्ट्रातले सर्वांत ठसठशीत उदाहरण.

त्यापासून धडा घेऊन नियम कडक झाले. ज्या केंद्राची वीज स्वस्त पडते ते आधी चालवायचे, महाग पडणारे नंतर, हा क्रम रोज लावला जातो. याच हिशेबात दीपनगरच्या जुन्या संचांवरही बंद राहण्याची वेळ आली, कारण दूरच्या खाणीतून कोळसा आणून जुन्या यंत्रावर केलेली वीज महाग पडते. भुसावळच्या माणसाला स्वस्त वीज मिळावी म्हणून भुसावळच्याच संचाने थांबायचे! तिथे कामाला असणाऱ्यांच्या मनात काय येत असेल, याची कल्पना करता येते. पण व्यवहार पाहिला तर हा क्रम चुकीचा नाही.

दरवाढीचा प्रस्ताव आला की नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो. आपल्या भागासाठी ती नाशिकला होत आली आहे. अलीकडे ऑनलाइन पद्धतीनेही भाग घेता येतो. साध्या ग्राहकाला तिथे मराठीत लेखी हरकत देता येते आणि बोलताही येते. महाराष्ट्रातल्या ग्राहक चळवळीने हे काम वर्षानुवर्षे चिकाटीने केले आहे. वखारीत लाकूड आपटून पाहणारी आजी जे करीत होती, तेच हे काम आहे, फक्त जागा बदलली.

आणि घरात? वीजबिल हातात घेऊन त्यातले रकाने वाचावेत. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. वापर वाढत जातो तसा वरच्या युनिटांचा दरही चढत जातो, म्हणून शेवटची वीस-पंचवीस युनिटे वाचवली तर ती सर्वांत महागाची वाचतात. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉटचा असतो. तो रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिटे होतात. नव्या जातीचा ३० वॉटचा पंखा तेवढ्याच वेळात ११ युनिटांच्या आत भागवतो. पंप स्टोव्ह की वातीचा, हा वाद ज्यांनी ऐकला आहे त्यांना ही वाट ओळखीची वाटेल.

ज्याचे स्वतःचे छप्पर आहे, त्याला आणखी एक दुकान उघडे झाले आहे, आणि ते घराच्या गच्चीवरच आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या सौर संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरवले गेले. खानदेशच्या ज्या उन्हाने आजवर आपल्याला फक्त भाजले, ते बिल भरू लागले तर आनंदच आहे. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला गच्ची नाही, आणि अनुदान येते ते सर्वांच्या करातून. जास्त वीज वापरणारी घरे सौर झाली की तारांचा खर्च उरलेल्यांत वाटला जाणार, हा मुंबईचा प्रश्न इथे पुन्हा डोके वर काढतो. त्याचा विचार आयोगाला आज ना उद्या करावाच लागेल.

म्हणून उद्या कोणी दारात येऊन म्हणाला की आमची वीज घ्या, स्वस्त पडेल, तर त्याला नाही म्हणण्याचे कारण नाही. त्याला बसवावे, पाणी द्यावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात. हा दर किती दिवस राहील? तारांचे आणि कराचे धरून महिन्याचे बिल एकूण किती होईल? आणि जो फरक तुम्ही मला सोडता आहात, तो कोण भरणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. तिसऱ्याचे उत्तर तो देईलच असे नाही. ते आपले आपणच शोधावे लागेल.